प्लेसमेंट टेस्टचे व्याकरण आणि माझा मराठी कान

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजात प्रवेश घेताना मला धास्ती होती ती गणिताची. इंग्रजीचा मी विचारही केला नव्हता. कित्येक वर्षे इंग्रजीतून पत्रव्यवहार केला होता, सहकाऱ्यांचे अहवाल तपासून दिले होते, त्यामुळे वाक्यरचनेच्या परीक्षेत आपले काय अडणार, अशा समजुतीत मी ॲक्युप्लेसर या कोणत्या वर्गात बसायचे ते ठरवणाऱ्या परीक्षेच्या (प्लेसमेंट टेस्टच्या) रायटिंग विभागाला तयारीविना बसले आणि २५ प्रश्न सोडवून अर्ध्या तासात उठले. गुण संगणकाने लगेच दाखवले, आणि त्यांच्या आधारे माझी रवानगी डेव्हलपमेंटल इंग्लिशमध्ये झाली. या वर्गाचे शुल्क भरावे लागते, एक सेमिस्टर त्यात जाते, पण पदवीच्या क्रेडिटमध्ये तो धरला जात नाही. त्या दिवशी घरी कोणी विचारले तर काय सांगायचे, याचाच विचार मी परतीच्या वाटेवर करत होते. पुढे तीन महिन्यांनी मी ती परीक्षा पुन्हा दिली. मधल्या काळात काय चुकले आणि कशाचा उपयोग झाला, ते इथे लिहिते आहे.

परीक्षेचे स्वरूप बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून ते थोडक्यात सांगते. ॲक्युप्लेसर ही कॉलेज बोर्ड या अमेरिकी संस्थेची परीक्षा आहे. रायटिंग विभागात निबंधाचे कच्चे मसुदे देतात आणि त्यांतील वाक्ये सुधारण्यासाठी चार-चार पर्याय असतात. गुण २०० ते ३०० या पट्टीवर मिळतात. वेळेची मर्यादा नाही, मात्र एकदा नोंदवलेल्या उत्तराकडे परत जाता येत नाही, आणि तुमच्या उत्तरांनुसार पुढील प्रश्नांची काठिण्यपातळी बदलत जाते. किती गुणांना कोणता वर्ग मिळणार आणि परीक्षा पुन्हा केव्हा देता येणार, हे प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवते. टेक्सासमध्ये टीएसआयए-२ ही वेगळी परीक्षा आहे. कॅलिफोर्नियात २०१७ च्या एबी ७०५ कायद्यानंतर वर्ग ठरवताना हायस्कूलच्या गुणांना प्राधान्य मिळाले. म्हणून तयारीला लागण्यापूर्वी आपल्याला ही परीक्षा द्यावी लागते का, हे कॉलेजच्या समुपदेशकाला अवश्य विचारावे. जुन्या पुस्तकांच्या ढिगात कंपास या अशाच दुसऱ्या परीक्षेचे पुस्तक हाती लागले तर ते बाजूला ठेवा, कारण ती परीक्षा घेणाऱ्या एसीटी या संस्थेने ती २०१६ मध्येच बंद केली.

आता मूळ मुद्दा. पहिल्या अपयशानंतर मी कॉलेजच्या लेखनसाहाय्य केंद्रात गेले. तिथल्या अत्यंत सहृदय मार्गदर्शकांनी मला एकच मंत्र दिला: वाक्य मोठ्याने वाचा, कानाला खटकले तर चूक, नाही खटकले तर बरोबर. महिनाभर मी हा मंत्र जपला आणि सरावचाचणीतले माझे गुण जागचे हलले नाहीत. त्या मार्गदर्शकांविषयी मला आजही आदर आहे, परंतु हा सल्ला इंग्रजी ऐकत लहानाची मोठी झालेल्या मुलांसाठी आहे आणि आपल्यासाठी तो घातक आहे, हे मी स्पष्टच सांगते. आपला कान मराठीत घडलेला असतो. जे इंग्रजी वाक्य मराठीच्या साच्यात नेमके बसते ते आपल्या कानाला कधीच खटकत नाही, आणि परीक्षेतले निम्मे सापळे आपल्यापुरते तरी तिथेच लावलेले असतात.

माझ्या वहीतील एक वाक्य पाहा. ते मी सरावप्रश्नांच्या धर्तीवर स्वतः रचले होते. 'रीडिंग द लेटर अगेन, हर मिस्टेक बिकेम क्लिअर टू हर.' या वाक्यात मला कित्येक दिवस काहीच वावगे दिसले नाही, कारण मनातल्या मनात मी 'पत्र पुन्हा वाचताना तिला आपली चूक उमगली' असे निर्दोष मराठी वाक्य वाचत होते. इंग्रजीचा नियम असा की कर्ता न सांगता क्रियेने वाक्य सुरू केले, तर स्वल्पविरामानंतर लगेच येणारा मुख्य वाक्याचा कर्ता हाच त्या क्रियेचाही कर्ता ठरतो. वरील वाक्यात स्वल्पविरामानंतर येते 'हर मिस्टेक'. म्हणजे पत्र पुन्हा वाचले ते तिने नव्हे, तर तिच्या 'मिस्टेक'ने! दुरुस्त वाक्य 'रीडिंग द लेटर अगेन, शी सॉ हर मिस्टेक क्लिअरली' असे होईल. पर्यायांमध्ये 'द मिस्टेक वॉज क्लिअर टू हर' आणि 'इट बिकेम क्लिअर टू हर' अशी भारदस्त वाक्येही असतात, आणि भारदस्त म्हणूनच मी ती निवडत असे. त्यांपैकी कोणत्याही वाक्यात पत्र वाचणारी 'ती' कर्त्याच्या जागी नाही.

हा नियम कोणत्याही पुस्तकात दोन ओळींत सापडतो आणि तो मी शाळेतही शिकले होते. तरीही मी त्यात पुनःपुन्हा का अडकत होते, याचा उलगडा मला फार उशिरा झाला, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहिते. मराठीत 'जाताना', 'आल्यावर', 'बघताच' अशा रूपांचा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता वेगवेगळे असले तरी बिघडत नाही. 'ग्रंथालयाकडे जाताना पाऊस सुरू झाला' या वाक्यात पाऊस ग्रंथालयाकडे निघाला होता, असे कोणीही समजत नाही. इंग्रजीत 'वॉकिंग टू द लायब्ररी, द रेन स्टार्टेड' असे लिहिताच परीक्षकाच्या दृष्टीने पाऊसच चालू लागतो. ही झाली वरची पायरी. तिच्याखाली आणखी एक पायरी आहे आणि माझा पाय घसरला तो तिथेच. आपल्याकडे आठवणे, समजणे, सुचणे, वाटणे, आवडणे, दिसणे या सगळ्या गोष्टी माणूस 'करत' नाही, त्या माणसाला 'होतात': मला आठवले, तिला सुचले, त्याला वाटले. अनुभव घेणारा माणूस 'ला' प्रत्यय लावून बाजूला बसतो आणि व्याकरणातला कर्ता म्हणून चूक, कल्पना, आठवण अशी एखादी वस्तू पुढे येते. आपण विचार मराठीत केला की इंग्रजी वाक्यही त्याच घडणीचे उतरते. माणूस 'टू हर' किंवा 'टू मी' या रूपाने शेपटीला जातो आणि कर्त्याची खुर्ची एखाद्या निर्जीव नामाला मिळते. सुटे वाक्य असेल तर इंग्रजीतही ते चालून जाते. त्याच्याआधी 'रीडिंग', 'हॅविंग फिनिश्ड', 'टायर्ड आफ्टर द लाँग मीटिंग' असा तुकडा आला की मात्र ते वाक्य कोसळते. 'टू मी' आणि 'टू हर' ही दोन रूपे पर्यायात दिसताच थांबायचे, ही सवय मी स्वतःला लावून घेतली. हे पर्याय दरवेळी चूकच असतात असे नाही, पण माझ्यासारखीचा पाय तिथे हमखास घसरतो.

'हर मिस्टेक' या शब्दांत 'हर' तर आहे, मग ती व्यक्ती वाक्यात आलीच की, असा युक्तिवादही मी करून पाहिला आहे. तो टिकत नाही. 'तिची चूक' यातील 'तिची' हे 'चूक' या नामाचे विशेषण आहे. कर्ता चूकच राहते. सरावाच्या वेळी स्वल्पविरामानंतरच्या नामाखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि 'ही क्रिया याने केली का?' असा प्रश्न शब्दशः विचारा. चूक पत्र वाचू शकते का? मीटिंगनंतर अहवाल दमू शकतो का? हा प्रश्न बाळबोध वाटतो खरा, परंतु तो न विचारता पुढे गेल्यामुळे माझे एक सेमिस्टर पणाला लागले होते.

या दुखण्यावर मला सर्वांत गुणकारी ठरले ते एक जुने पुस्तक. २०१९ च्या सुरुवातीला ॲक्युप्लेसरची जुनी आवृत्ती बंद झाली. तिच्या सेंटेन्स स्किल्स विभागात एक वाक्य देऊन 'आता हेच वाक्य अमुक शब्दांनी सुरू करा, त्यानंतरचे शब्द कोणते असतील?' असे विचारत. नव्या परीक्षेत प्रश्नांचा साचा बदलला, म्हणून अनेक जण ती पुस्तके टाकून देतात. माझ्या मते तो करंटेपणा आहे. 'शी वॉज टायर्ड, सो शी वेंट होम अर्ली' हे वाक्य 'बीइंग टायर्ड' ने सुरू करा, मग 'बिकॉज' ने, मग 'हर टायर्डनेस' ने. प्रत्येक वेळी कर्ता कुठे सरकला, 'सो' ठेवायचा की काढायचा, हे लिहून पाहा. चारांतून एक निवडण्यापेक्षा एकच वाक्य चार प्रकारे लिहिणे कितीतरी अधिक शिकवते. मी रोज पाच वाक्ये घेत असे. त्याहून जास्त घेतली की हात चालतो आणि डोके थांबते.

'दहा दिवसांत शंभर नियम' छापाच्या चित्रफितींबद्दल मला चांगले बोलता येणार नाही. त्या पाहताना सगळे कळल्यासारखे वाटते आणि वही मात्र कोरी राहते. तसेच 'सर्वांत लहान पर्याय निवडा' ही क्लृप्ती. इंग्रजी परीक्षेला पाल्हाळ आवडत नाही, म्हणून ती पुष्कळदा लागू पडते आणि नेमकी कठीण प्रश्नात दगा देते, कारण तिथे लहान पर्यायातून क्रियापद किंवा आवश्यक कर्ताच गळालेला असतो.

बाकीच्या चुका मला तुलनेने लवकर आवरल्या. मराठीत 'पाऊस थांबला, आम्ही निघालो' असे केवळ स्वल्पविरामावर चालते. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्ये स्वल्पविरामाने जोडता येत नाहीत, तिथे पूर्णविराम, अर्धविराम किंवा स्वल्पविरामासह 'अँड', 'बट', 'सो' यांसारखा शब्द लागतो, आणि 'हाउएव्हर' या कामाला चालत नाही. 'जरी-तरी' च्या सवयीने आपण 'ऑलदो' आणि 'बट' एकाच वाक्यात घालतो, एक काढावा. 'द लिस्ट ऑफ बुक्स' नंतर क्रियापद 'लिस्ट' कडे पाहते, 'बुक्स' कडे नाही. व्याकरणापलीकडचे प्रश्नही असतात: एखादे वाक्य परिच्छेदात कुठे शोभेल, कोणते काढावे, जोडशब्द कोणता हवा. यांत आपण मुळीच कमी पडत नाही, कारण अर्थ कळला की ते सुटतात. तेव्हा घाबरू नका. तुमचे इंग्रजी वाईट नाही, त्यातले ठरावीक चार-पाच सांधे तेवढे निखळलेले आहेत.

दुसऱ्यांदा बसताना मी वेळमर्यादा नसल्याचा पुरेपूर फायदा घेतला. अर्ध्या तासाऐवजी सव्वा तास बसले. प्रत्येक प्रश्नात आधी पर्यायांवर हात ठेवून मूळ वाक्यातला कर्ता शोधला, आणि 'आहे तसेच ठेवा' या अर्थाचा पर्याय केवळ कानाला गोड लागला म्हणून एकदाही निवडला नाही. शेजारच्या दोघी केव्हाच उठून गेल्या होत्या आणि पर्यवेक्षक माझ्याकडे अधूनमधून पाहत होते. ते पाहणे सोसले. गुण दिसले तेव्हा मला थेट क्रेडिटचा कॉम्पोझिशनचा वर्ग मिळाला होता. त्या वर्गातला माझा पहिला निबंध परत आला, त्याच्या दुसऱ्याच पानावर 'आफ्टर मूव्हिंग हिअर, इट बिकेम डिफिकल्ट फॉर मी' या ओळीखाली लाल रेघ होती आणि समासात एकच शब्द लिहिलेला होता: 'कोण?'