पुण्यातील जुन्या चित्रपटगृहाचा इतिहास कसा नोंदवावा

आरंभी एकच चित्रपटगृह निवडावे. मंडईजवळचे १९१५ मधील ‘आर्यन’ आज उरलेले नाही, तर अप्पा बळवंत चौकाजवळ १९३४ मध्ये सुरू झालेले ‘प्रभात’ पुढे ‘किबे लक्ष्मी’ झाले. म्हणून त्या जागेची सर्व नावे प्रथम टिपावीत, अन्यथा पुढचा शोध भरकटतो.

त्यानंतर ग्रंथालयात बसून ‘केसरी’चे आणि १९३२ पासूनच्या ‘सकाळ’चे जुने अंक क्रमाने चाळावेत. जाहिरातींतून खेळांच्या वेळा आणि चित्रपट बदलल्याच्या तारखा मिळतात. भित्तिपत्रकांसाठी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहेच.

मात्र सर्वाधिक वेळ चित्रपट दाखवण्याचे यंत्र चालवणाऱ्या जुन्या ऑपरेटरांसाठी राखावा, कारण माझ्या मते खरा इतिहास त्यांच्या हातांत आहे. यंत्राला प्रकाश देणारी, कार्बनच्या दोन कांड्यांमधील ज्योत विझू नये म्हणून त्या जळत जातील तसे त्यांच्यातील अंतर सांभाळावे लागे, आणि त्याच वेळी रीळ संपत आल्याची पडद्याच्या कोपऱ्यात उमटणारी खूण पाहून पुढच्या रिळाचे दुसरे यंत्र सुरू करावे लागे. हे त्यांच्याच शब्दांत, परवानगी घेऊन ध्वनिमुद्रित करावे. कोणी जपलेले तिकीट दाखवले, तर त्यावरील दर, वर्ग आणि करमणूक कर उतरवून घेऊन दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढावे.