गोळ्या मिळतात, बोलणं मागावं लागतं: सरकारी रुग्णालयात समुपदेशन कसं मिळवाल?

नात्यातल्या एका वहिनींना घेऊन मी पहिल्यांदा एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत गेले, तेव्हा दोन तास बाकावर गेले आणि डॉक्टरांसमोर जेमतेम चार मिनिटं. "झोप लागते का? जेवण जातं का?" गोळ्या लिहिल्या, पुढचा नंबर. बाहेर येऊन वहिनी म्हणाल्या, "मला काय होतंय ते सांगायचंच राहिलं." डॉक्टरांना तरी काय बोलणार, दाराबाहेर रांग जिन्यापर्यंत गेली होती. पण समुपदेशन वेगळं मागावं लागतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

जाण्याआधी एक फोन

आधी १४४१६ लावा. केंद्र सरकारची ही टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, मोफत, आणि मराठीतूनही. पलीकडे समुपदेशक असतो, गरज वाटली तर तो तज्ज्ञाशी जोडून देतो. बोलून झाल्यावर विचारा, "माझ्या तालुक्याजवळ प्रत्यक्ष कुठे जाऊ?" आमच्या सातारा जिल्ह्यातल्या मेढ्याच्या किंवा पाटणच्या माणसाने एसटीत बसण्याआधी एवढं विचारलं तर एखादा हेलपाटा वाचतो. घरात बोलायची सोय नसेल तर शेताच्या बांधावरून फोन करा, माझ्या ओळखीत तसं करणारे आहेत.

कुठे जायचं

सातारा शहरात सदर बझारमधलं क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. कराडकडच्यांना वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय जवळ पडतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयातही जातं. तो दिवस गावच्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. दिव्यांग प्रमाणपत्राची तपासणी कोणत्या वारी असते तेही विचारून ठेवा आणि तो वार टाळा, कारण त्या दिवशी मानसोपचार विभागात पाय ठेवायला जागा नसते.

कागद लिहून न्या

चार मिनिटांत सगळं सांगायचं तर तोंड बंद पडतं. म्हणून आदल्या रात्री वहीचं एक पान लिहा. दुसऱ्या खेपेला आम्ही लिहिलं ते असं: "दिवाळीपासून त्रास. पहाटे तीनला जाग, परत झोप नाही. छातीत धडधड, बाजारात गेलं की जीव घाबरा होतो. जेवण एक भाकरी, तीही कशीबशी. दोनदा वाटलं की जगू नये." शेवटचं वाक्य वहिनींनी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. डॉक्टरांची नजर तिथेच थांबली आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

आधीच्या गोळ्यांची पाकिटं, थायरॉइड-बीपीचे रिपोर्ट सोबत ठेवा. देवऋषीकडे जाऊन आला असाल तर तेही सांगा, लाजू नका.

नेमकं काय मागायचं

मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर, ते निदान करतात आणि औषध देतात. बोलण्याचे उपचार बहुतेक वेळा मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचार सामाजिक कार्यकर्ते करतात. त्यांची खोली वेगळी असते. तेव्हा स्पष्ट म्हणा, "डॉक्टर, गोळ्यांबरोबर समुपदेशनही हवंय. केस पेपरवर तसं लिहून द्याल का?" कागदावर शेरा असला की पुढच्या टेबलावर विनवण्या कराव्या लागत नाहीत.

"आमच्याकडे ते पद रिकामं आहे" असं उत्तरही मिळू शकतं. मग दोन प्रश्न विचारा: जवळ कुठे पाठवाल, आणि तोवर कोण बोलेल? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ नुसार सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळणं हा हक्क आहे. पण टेबलावर कलम आपटून काम होत नाही, हा माझा अनुभव. तिथल्या सिस्टरांना "ताई, कधी येऊ म्हणजे गर्दी कमी असेल?" असं विचारलं की काम लवकर होतं.

खोलीत काय होतं

पहिल्या वेळी प्रश्नच फार. रडू आलं तर येऊ द्या. पुढे काहीतरी करायला देतात: घाबरल्यावर मनात कोणता विचार आला ते टिपून ठेवणं, श्वासाचा सराव, टाळलेल्या एखाद्या ठिकाणी थोडा वेळ जाणं. वहिनींना पहिल्या आठवड्यात फक्त बाजाराच्या तोंडाशी जाऊन परत यायचं होतं. एका भेटीत फरक पडत नाही, चार-सहा वेळा जायच्या तयारीने जा. सोबतचा माणूस आत नको असेल तर तसं सांगा. तुमची माहिती गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. गोळ्या मात्र बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करू नका.

तारीख घेतल्याशिवाय उठू नका

"या परत" ही तारीख नव्हे. वार आणि शक्य तर वेळ केस पेपरवर लिहून घ्या, त्याचा मोबाइलवर फोटो काढा. दोन तारखांमध्ये महिना गेला तर मधल्या आठवड्यांत पुन्हा १४४१६ आहेच. प्रवासाचं म्हणाल तर एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. वहिनी या हिशेबावर खूश असत, उरलेल्या पैशांत स्टँडवर चहा व्हायचा.

जीव द्यावा असा विचार जोर धरत असेल तर तारखेची वाट पाहू नका. माणसाला एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं कुलपात टाका आणि थेट रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या. तिथे रात्रीही दार उघडं असतं. गाडी नसेल तर १०८.