पाणी न उपसता हिरवा पडलेला स्विमिंग पूल स्वच्छ कसा करावा

कर्जत, अलिबाग, लोणावळा भागातल्या फार्महाउसवर दसऱ्याच्या सुमारास हमखास दिसणारं चित्र म्हणजे हिरवा पूल. जूनमध्ये घर बंद होतं, पावसात वीज जाते-येते, पंप बंद पडतो, क्लोरीन टाकायला कोणी नसतं. ऑक्टोबरमध्ये कुलूप काढलं की पुढ्यात पालकाच्या पातळ भाजीसारखं पाणी. आणि मग शेजारी, माळी, बोलावलेला कारागीर, सगळे एकच सल्ला देतात: पाणी काढून टाका, घासून घ्या, नवं भरा.

हा सल्ला ऐकू नका. माझं म्हणणं एवढंच आहे की शेवाळाने भरलेलं बहुतेक पाणी जागच्या जागी स्वच्छ होतं. क्लोरीन एकदा भरपूर ओतून ते साधत नाही. ते ठरावीक पातळीवर टिकवून धरावं लागतं.

पाणी न काढण्याचं पहिलं कारण जमिनीखाली आहे. पावसाळ्यानंतर, विशेषतः कोकणपट्टीत, भूजल खूप वर आलेलं असतं. पूल भरलेला असताना आतल्या पाण्याचं वजन त्या दाबाला तोलून धरतं. पूल रिकामा झाला की खालचं पाणी त्याला वर ढकलतं. फायबरचा पूल अक्षरशः वर उचलला जातो, काँक्रीटचा तडकतो, टाइल्स फुगून निघतात. दुसरं कारण पाणी स्वतः. मध्यम आकाराचा पूल भरायला दहा हजार लिटरचे चार टँकर लागतात. आजूबाजूच्या ज्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्यांच्या शेजारी राहून चाळीस हजार लिटर पाणी ओढ्यात सोडणं मला पटत नाही.

सांडपाणी शिरलं असेल किंवा तळाशी हातभर गाळ असेल, तर मात्र पूल रिकामा करावा लागतो. तेही एप्रिल-मेमध्ये, भूजल खाली गेल्यावर आणि जाणकार माणूस सोबत घेऊन.

हात घालण्याआधी

तळ दिसत नाही तोवर पाण्यात कोणीही उतरायचं नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यानेही नाही. गढूळ पाण्यात बुडालेला माणूस दोन हातांवर असला तरी दिसत नाही. घरात लहान मुलं असतील तर काम पूर्ण होईपर्यंत पूलभोवती अडसर लावा आणि मोठं कोणीतरी लक्ष ठेवा.

पंपाच्या खोलीत चार महिने ओल असते. स्विच दाबण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग, अर्थिंग आणि तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) तपासून घ्या. मोटर जाम असेल तर आधी तिची दुरुस्ती करा. पाणी फिरत नसताना क्लोरीन टाकणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

पाण्यात बेडूक, त्यांची पिल्लं, कधी पाणदिवड असते. पाणदिवड बिनविषारी असते, पण साप ओळखता येत नसेल तर जवळच्या सर्पमित्राला बोलवा. बेडूक आणि पिल्लं जाळीने काढून ओढ्यात किंवा विहिरीत सोडा. क्लोरीन पडल्यावर ती जगणार नाहीत.

पाणी किती, ते मोजा

लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये मोजून गुणा, मग हजाराने गुणा. पूल 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद, एका टोकाला 1 मीटर आणि दुसऱ्या टोकाला दीड मीटर खोल असेल, तर सरासरी खोली सव्वा मीटर आणि पाणी 40,000 लिटर. पुढचे सगळे आकडे मी याच पूलसाठी देतो. तुमचा आकडा दरवाजाच्या मागे खडूने लिहून ठेवा, कारण तो वर्षानुवर्षं लागतो.

कचरा काढा, फिल्टर चालू करा

लांब दांड्याच्या खोल जाळीने पानं, फांद्या, गाळ काढा. तळ दिसत नसताना जाळी हळू ओढायची, म्हणजे गाळ ढवळला जात नाही. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. तळाशी कुजणारी प्रत्येक पिशवीभर पानं तुमचं क्लोरीन खात राहतात. तळाचा गाळ व्हॅक्यूमने ओढायचा असेल तर फिल्टरमधून नको. फिल्टरवरचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह, म्हणजे दांडा फिरवून पाण्याची वाट बदलणारा व्हॉल्व्ह, ‘वेस्ट’वर ठेवून थेट बाहेर काढा आणि कमी झालेलं पाणी भरून घ्या.

मल्टिपोर्टचा दांडा फिरवण्याआधी पंप बंद करायचा, दर वेळी. चालू पंपावर फिरवला तर आतलं गॅस्केट फाटतं आणि मग न गाळलेलं पाणी पूलमध्ये परत येतं.

वाळूचा फिल्टर आधी बॅकवॉश करा, म्हणजे पाणी उलटं फिरवून वाळूतली घाण बाहेर काढा. व्हॉल्व्हवरच्या काचेच्या नळीत पाणी स्वच्छ दिसलं की अर्धा मिनिट ‘रिन्स’, मग ‘फिल्टर’. या वेळचा गेजवरचा दाब लिहून ठेवा. तो आठ ते दहा पीएसआयने वाढला की पुन्हा बॅकवॉश करायचं, त्याआधी नाही. थोडी मळलेली वाळू बारीक कण जास्त चांगले अडवते आणि प्रत्येक बॅकवॉशमध्ये शेकडो लिटर पाणी जातं. पूल नितळ होईपर्यंत पंप चोवीस तास चालू राहू द्या.

पीएच आधी, क्लोरीन नंतर

हा क्रम उलटा करू नका. पीएच म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप. तो आठ असताना क्लोरीनचा जेमतेम चौथा हिस्सा जंतू मारणाऱ्या रूपात असतो, साडेसातला सुमारे निम्मा, सातला तीन चतुर्थांश. दुसरी गोष्ट, क्लोरीन दहा पीपीएमच्या (हजार लिटरला दहा ग्रॅमच्या) वर गेलं की साध्या किटमधली पीएचची चाचणी चुकीचा रंग दाखवते. म्हणून पीएच सुरुवातीलाच 7.2च्या आसपास आणून ठेवायचा.

पीएच जास्त असेल तर हायड्रोक्लोरिक ॲसिड. बाथरूम धुण्याचं रंगीत ॲसिड नको, पूलच्या सामानाच्या किंवा रसायनांच्या दुकानातलं घ्या. अर्ध्या लिटरपासून सुरुवात करा. ते बादलीभर पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. मग खोल बाजूला, पंप चालू असताना, कडेकडेने सोडायचं. दोन तासांनी पुन्हा मोजा, लागलं तर पुन्हा अर्धा लिटर. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे काम करा.

आणि हे पाठ करून ठेवा: ॲसिड आणि क्लोरीन एका बादलीत, एका मगात, एका कपाटात नको. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो.

कुठलं क्लोरीन आणि किती

बाजारात चार प्रकार मिळतात. हिरवा पूल साफ करायला मला द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे दुकानदार ज्याला नुसतं ‘हायपो’ म्हणतात, ते सगळ्यात योग्य वाटतं. थोडं मीठ सोडलं तर ते पाण्यात काही मागे ठेवत नाही, विरघळवण्याची कटकट नाही. ऊन आणि उष्णतेने मात्र त्याची ताकद पडते. म्हणून माल खपणाऱ्या दुकानातून ताजं घ्या, सावलीत ठेवा, वर्षाचा साठा करू नका.

65 टक्क्यांची कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडरही चालते, पण बोअरचं पाणी आधीच जड असेल तर तिच्यामुळे कॅल्शियम आणखी वाढतं आणि पाणी दुधट राहतं. विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर स्वस्त असते, पण चुन्याचा साका फार. वापरायचीच तर बादलीत आधी पाणी, मग पावडर, ढवळून निवू द्या आणि फक्त वरचं नितळ पाणी पूलमध्ये घाला.

चौथा प्रकार टीसीसीएच्या, म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या क्लोरीनच्या, गोळ्या. रोजच्या देखभालीला ठीक, इथे नको. त्यात सायन्युरिक ॲसिड असतं. थोडं असलं तर ते क्लोरीनचं उन्हापासून रक्षण करतं, पण गोळीतून दहा पीपीएम क्लोरीन मिळताना सहा पीपीएम सायन्युरिक मागे उरतं आणि ते जात नाही, साचत राहतं. ते जितकं जास्त, तितकं क्लोरीन मंद. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकमेकांना लागले तर आग लागते, स्फोटही होतो. दोन्हींसाठी एकच डबा किंवा चमचा वापरू नका.

दुकानात मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, हेही सुचवतात. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी त्याचं मोल आहे, पूलमध्ये नाही. तांबं पाण्यात राहतं, भिंतींवर डाग पाडतं आणि पांढऱ्या केसांना हिरवट छटा आणतं.

आता मात्रा. एक पीपीएम म्हणजे हजार लिटरला एक ग्रॅम क्लोरीन. 40,000 लिटरमध्ये दहा पीपीएम आणायला 400 ग्रॅम लागतं. दहा टक्क्यांच्या हायपोत लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास क्लोरीन असतं, म्हणजे चार लिटर. 65 टक्क्यांची पावडर असेल तर सहाशे ग्रॅमच्या थोडं वर. पावसाच्या पाण्याने पूल ओसंडून वाहिलेला असेल तर सायन्युरिक बहुधा कमी झालेलं असतं, तेव्हा दहा-बारा पीपीएम ही पातळी धरा. पूल आजवर नुसत्या गोळ्यांवर चालला असेल तर सायन्युरिक मोजून घ्या. त्याच्या चाळीस टक्के क्लोरीन ठेवावं लागतं: सायन्युरिक 50 पीपीएम असेल तर क्लोरीन 20 पीपीएम. ते शंभरच्या वर असेल तर पूल रिकामा न करता थोडं थोडं पाणी बदला, एका वेळी वीतभर.

पहिली मात्रा सूर्य मावळल्यावर द्या. ऊन थेट असेल आणि सायन्युरिक नसेल, तर क्लोरीन तास-दोन तासांत मोठ्या प्रमाणात उडून जातं.

आणि आता नवख्या माणसाचा धीर सुटतो ती जागा. रात्री चार लिटर ओतलेत, दोन तासांनी मोजलं तर क्लोरीन शून्य आणि पाणी होतं तसंच हिरवं. वाटतं, माल बनावट आहे. माल खरा असला तरी हेच होतं. शेवाळ, कुजलेली पानं, अमोनिया, सगळे मिळून ते क्लोरीन संपवतात. पुन्हा चार लिटर घाला. पुन्हा मोजा. पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी मोजून पातळी परत दहा-बारावर आणायची. मग हळूहळू तीच मात्रा जास्त वेळ टिकू लागते आणि सकाळ-संध्याकाळ मोजलं तरी पुरतं. शनिवारी भरपूर टाकून रविवारी मुंबईला परतलात, तर बुधवारपर्यंत शेवाळ पुन्हा उभं राहतं. तुम्ही नसाल तर केअरटेकरला मोजायला शिकवा, किट त्याच्या हातात द्या.

मोजायला गुलाबी रंग येणारं डीपीडी किट घ्या. क्लोरीन फार जास्त असलं की त्यातला गुलाबी रंग उडतो आणि शून्य असल्यासारखं दिसतं. शंका आली तर पूलचं एक भाग पाणी आणि बाटलीबंद पिण्याचं नऊ भाग पाणी मिसळून मोजा, येईल त्या आकड्याला दहाने गुणा.

रोज घासा

भिंती, कोपरे, पायऱ्या, शिडीच्या मागची जागा, स्किमरचं (वर तरंगणारा कचरा ओढणाऱ्या खाचेचं) तोंड रोज ब्रशने घासा. शेवाळाच्या थराच्या आत क्लोरीन पोचत नाही. थर मोडला की पोचतं. फायबर किंवा लाइनर (आतून लावलेलं प्लास्टिकचं अस्तर) असेल तर नायलॉनचा ब्रश. टाइल्सच्या सांध्यांत काळे ठिपके धरून बसले असतील तर ते साध्या शेवाळापेक्षा चिवट असतात, तिथे स्टीलचा ब्रश लागतो, पण फक्त काँक्रीट आणि सांध्यांवर.

हिरवं गेलं, दुधट राहिलं

गडद हिरवं, मग फिकट राखाडी, मग दुधी निळं. दुधी निळं म्हणजे शेवाळ मेलं आहे, आता काम फिल्टरचं. क्लोरीन तसंच टिकवा, बॅकवॉश दाबाप्रमाणे करा. हलका हिरवा पूल तीन-चार दिवसांत निवळतो, दलदल झालेल्याला दोन आठवडेही लागतात. क्लोरीन टाकताच पाणी चहासारखं तपकिरी झालं तर घाबरू नका, विहिरीच्या पाण्यातलं लोह वर आलेलं असतं. तेही फिल्टरमध्ये अडकतं.

घाई असेल तर तुरटी. 40,000 लिटरला साधारण दोन किलो तुरटी बादलीत विरघळवून सगळीकडे सोडा, तासभर मल्टिपोर्ट ‘रीसर्क्युलेट’वर ठेवून, म्हणजे फिल्टर टाळून, पाणी फिरवा, मग रात्रभर पंप बंद. सकाळी सगळा साका तळाशी बसलेला असतो. तो अजिबात न ढवळता व्हॅक्यूमने ‘वेस्ट’वर काढा. तुरटीने पीएच उतरतो, तो नंतर तपासून सोडा ॲशने वर आणा.

क्लोरीनचं पाणी ओढ्यात सोडू नका, मासे मरतात. पहिल्या, क्लोरीनआधीच्या बॅकवॉशचं पाणी नारळाला चालतं. नंतरचं खड्ड्यात किंवा टाकीत दोन दिवस उन्हात राहू द्या.

झालं, हे कसं ओळखायचं

सूर्य मावळल्यावर क्लोरीन मोजा आणि उजाडण्याआधी पुन्हा मोजा. रात्रीत एक पीपीएमपेक्षा कमी उतरलं, संयुक्त क्लोरीन (अमोनियासारख्या घाणीशी जोडलं गेलेलं) अर्ध्या पीपीएमच्या आत आलं आणि खोल बाजूच्या ड्रेनची जाळी स्पष्ट दिसली, तर शेवाळ संपलं. तिन्हीपैकी एक जरी नसलं तर आणखी एक-दोन दिवस पातळी टिकवा.

मग क्लोरीन आपोआप उतरू द्या. पाच पीपीएमच्या खाली आणि पीएच 7.2 ते 7.6 असेल तर पोहायला हरकत नाही. पुढे आठवड्यातून दोनदा मोजायचं, पंप रोज सहा ते आठ तास. पुढच्या जूनमध्ये घर बंद करताना पूलवर ताणून कव्हर घाला. पावसाळ्यात दर आठवड्याला हायपो टाकून दोन तास पंप चालवणारा माणूस ठरवा आणि मात्रा त्याला लिटरमध्ये लिहून द्या.