अ, ॲन की द? मराठी कानाने आर्टिकल निवडण्याची रीत

इंग्रजी वाक्याचं बाकी सगळं जमतं आणि नेमकं आर्टिकल गळतं, नाहीतर भलत्याच जागी बसतं. मराठीत आर्टिकलं नाहीत म्हणून आपला गोंधळ होतो, असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. 'टेबलावर पुस्तक आहे' आणि 'पुस्तक टेबलावर आहे' ही वाक्यं मोठ्याने म्हणून पाहा. पहिल्यात कुठलं तरी पुस्तक आहे. दुसऱ्यात ज्याबद्दल बोलणं चाललंय तेच पुस्तक. इंग्रजीत पहिलं होतं 'देअर इज अ बुक ऑन द टेबल' आणि दुसरं 'द बुक इज ऑन द टेबल'. इंग्रजी जे आर्टिकलने दाखवते, ते आपण शब्दांच्या क्रमाने दाखवतो.

माणसांच्या बाबतीत हेच काम विभक्तीचा प्रत्यय करतो. 'मी डॉक्टर शोधतोय' म्हणजे कुणीही डॉक्टर चालेल, म्हणून 'अ डॉक्टर'. 'मी डॉक्टरांना शोधतोय' म्हणजे ठरावीक डॉक्टर, म्हणून 'द डॉक्टर'. मात्र 'एका' आलं की सावध व्हा. 'काल मी एका डॉक्टरांना भेटलो' यात डॉक्टर कोण ते बोलणाऱ्याला पक्कं माहीत आहे, तरी इंग्रजीत 'अ डॉक्टर'च येईल. कारण निवड ऐकणाऱ्याच्या बाजूने करायची असते. वाक्य ऐकून समोरचा 'कोणता?' असं विचारू शकत असेल तर अ किंवा ॲन. त्याला तो प्रश्न पडणारच नसेल तर द. म्हणूनच सूर्य 'द सन' असतो, आणि एकाच दरवाजाच्या खोलीत बसून 'क्लोज द डोअर' म्हणता येतं, आधी त्या दरवाजाचा उल्लेख झाला नसला तरी.

पण ही निवड करण्याआधी एक तपासणी हवी, कारण सर्वात जास्त चुका तिथेच होतात. मोजता येणारं एकवचनी नाम इंग्रजीत सहसा उघडं राहत नाही. त्याच्या आधी अ, द, माय, धिस असं काहीतरी लागतंच. 'ती इंजिनिअर आहे' हे मराठीत पूर्ण वाक्य आहे, म्हणून 'शी इज इंजिनिअर' लिहिलं जातं. हवं 'शी इज ॲन इंजिनिअर'. 'बाय बस', 'ॲट नाइट', 'गो टू बेड' असे काही ठरीव प्रयोग याला अपवाद आहेत. ते जसेच्या तसे पाठ करावेत, त्यांत तर्क शोधत बसू नये.

उलट चूक न मोजता येणाऱ्या नामांत होते. मराठीत 'एक सल्ला', 'एक बातमी' बिनधास्त चालतं. इंग्रजीत ॲडव्हाइस, न्यूज, इन्फर्मेशन, फर्निचर, लगेज, इक्विपमेंट, होमवर्क यांना अ किंवा ॲन लागत नाही. एकच सांगायचा असेल तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस' म्हणा. आणि 'एक' दिसला की 'वन' लिहू नका. 'आय हॅव वन फ्रेंड' म्हटलं की मित्रांची मोजदाद केल्यासारखं वाटतं: एकच आहे, दुसरा नाही. 'माझा एक मित्र' म्हणजे 'अ फ्रेंड ऑफ माइन'.

अ की ॲन हे स्पेलिंग पाहून ठरत नाही, उच्चार ऐकून ठरतं, आणि इथे देवनागरी फार उपयोगी पडते. आर्टिकलच्या लगेच पुढचा शब्द देवनागरीत लिहा. सुरुवातीला स्वर आला तर ॲन, व्यंजन आलं तर अ. अवर, ऑनेस्ट, अम्ब्रेला यांना ॲन. युनिव्हर्सिटी, युरोपियन, वन-वे यांना अ, कारण सुरुवात य आणि व या व्यंजनांनी होते. आद्याक्षरांचंही तसंच: ॲन एमबीए, ॲन एक्स-रे, पण अ यूएसबी केबल. आधी विशेषण असेल तर त्याचा उच्चार धरायचा: ॲन ॲपल, पण अ रेड ॲपल, अ युनिव्हर्सिटी, पण ॲन ओल्ड युनिव्हर्सिटी.

ही युक्ती फसते ती आपला उच्चारच घसरलेला असेल तेव्हा. 'एम'ला 'यम' आणि 'एस'ला 'येस' म्हणणारा माणूस तिथे अ लावून बसतो. वर्ष आणि कान या अर्थाचे दोन्ही इंग्रजी शब्द आपण 'इयर' असेच लिहितो, पण वर्षाच्या शब्दात आरंभी य आहे. म्हणून वर्षाला अ, कानाला ॲन. द चा उच्चारही याच कसोटीने बदलतो: स्वरापूर्वी दी, व्यंजनापूर्वी द.

विशेषनामांचं थोडक्यात: नद्या, समुद्र आणि पर्वतरांगांना द लागतो, एकटं शिखर किंवा सरोवर असेल तर नाही. द नाईल आणि द हिमालयाज, पण माउंट एव्हरेस्ट आणि लेक व्हिक्टोरिया. देशांच्या नावांना बहुधा लागत नाही. द नेदरलँड्स, द फिलिपीन्स, द युनायटेड किंग्डम ही नावं मात्र द सकट लक्षात ठेवावी लागतात.

एका अक्षराने अर्थ उलटतो अशी जागा म्हणजे 'फ्यू' आणि 'अ फ्यू'. 'शी हॅज अ फ्यू फ्रेंड्स' म्हणजे तिला काही मित्र आहेत. 'शी हॅज फ्यू फ्रेंड्स' म्हणजे तिला फारसे मित्रच नाहीत. 'लिटल' आणि 'अ लिटल' यांतही हाच फरक आहे, फक्त ते पाणी, वेळ, पैसा अशा न मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी.

मजकूर लिहून झाला की तो फक्त आर्टिकलांसाठी एकदा वेगळा वाचा. प्रत्येक एकवचनी नामाखाली रेघ मारा आणि त्याच्या आधी काही आहे का ते पाहा. नसेल, तर ते मोजता येतं का हे विचारा. येत असेल, तर 'कोणता?' हा प्रश्न टाका. अनेकवचनं शेवटी तपासा: 'कुत्री इमानी असतात' असं सगळ्या जातीबद्दल बोलायचं असेल तर 'डॉग्ज आर लॉयल', तिथे द नको.