टँकची बर्स्ट डिस्क अन् ओ-रिंग: काय घरी बदलायचं, काय दुकानात

नागपुरात स्कुबा टँक (पाण्याखाली श्वास घ्यायची हवेची टाकी) ठेवतो म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, फुटाळा तलावात उतरतो का बे? नाही भाऊ, आम्ही तिघं दोस्त डिसेंबरात तारकर्लीला जातो, दोन ॲल्युमिनियमचे टँक शेअरमध्ये घेतलेत, बाकीचं वर्ष ते माझ्या घरी पडून राहतात. अन् गंमत म्हणजे देशातल्या गॅस सिलिंडरचे नियम ज्या पेसोच्या (स्फोटकं अन् प्रेशरच्या सिलिंडरच्या सुरक्षेची सरकारी संस्था) हातात आहेत तिचं हेड ऑफिस आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे. स्कुबा टँक म्हणजे शेवटी गॅस सिलिंडरच, तोही २०७ बारचा (बार अन् पीएसआय ही दाबाची मापं, २०७ बार म्हणजे सुमारे ३००० पीएसआय), म्हणून समुद्र हजारेक किलोमीटर लांब असला तरी ह्या विषयात आपण अगदीच परके नाही.

तर आधी व्हॉल्व्हकडे नीट बघा. साइडला एक छोटा षटकोनी नट दिसेल, त्याला बारीक भोकं असतील, तोच बर्स्ट डिस्कचा प्लग. आत पातळ धातूची चकती असते, प्रेशर हद्दीबाहेर गेलं की टँकच्या आधी ती फाटते अन् हवा मोकळी होते. अमेरिकन पद्धतीच्या व्हॉल्व्हला हा असतो, युरोपियनला बहुतेक नसतोच, त्यामुळे नाही दिसला तर उगाच घाबरू नका.

आता डिस्क किती प्रेशरची, इथेच लोक गडबड करतात. डिस्क टँकच्या वर्किंग प्रेशरवर (रोज भरायचा दाब) नाही, टेस्ट प्रेशरवर (तपासणीत मुद्दाम दिलेला जास्तीचा दाब) ठरते. ३००० पीएसआयच्या ॲल्युमिनियम ८० ची (नेहमीचा ८० घनफुटी टँक) टेस्ट ५००० ला होते, त्याची डिस्क ४५०० ते ५००० च्या मधे फाटायला पाहिजे. २४०० च्या जुन्या स्टील टँकची टेस्ट ४००० ला. म्हणजे एका टँकचा व्हॉल्व्ह काढून दुसऱ्याला लावला की डिस्क चुकीची झाली, वरून काहीच कळत नाही. अन् काही शहाणे एकावर एक दोन डिस्क घालतात, 'फाटायची कटकटच नको' म्हणून. मग ती सेफ्टी राहिली कुठं, टँकच बॉम्ब झाला ना.

आपल्या इथला हमखास प्रश्न, मे महिन्यात गाडीत टँक ठेवला तर फुटेल का? हिशोब करा, २५ डिग्रीला २०७ बार असेल तर बंद गाडीत ६५ डिग्रीला २३५ बारच्या आसपास जातो, म्हणजे साधारण ३४०० पीएसआय. चांगली डिस्क एवढ्यानं हलत पण नाही. पण आठ-दहा वर्षांची, खाऱ्या पाण्यानं हिरवी पडलेली, शेकडो वेळा भरून-रिकामी होऊन थकलेली डिस्क असेल अन् वरून हवा भरणाऱ्या दुकानवाल्यानं जास्तीचं भरून दिलं असेल, तर डिक्कीत धडाम् होऊ शकते. जुन्या एका भोकाच्या प्लगमधून हवा एकाच बाजूनं सुटते, मग आडवा पडलेला टँक भिंगरीसारखा फिरतो. नवीन प्लगला चहूबाजूंनी भोकं असतात म्हणून धक्का विभागला जातो. तरी उन्हाळ्यात भरलेला टँक गाडीत सोडू नकाच.

घरी काय बदलायचं? माझं मत, योक व्हॉल्व्हच्या (ज्यावर रेग्युलेटर शिकंज्यानं आवळतात तो) तोंडावरची ओ-रिंग, म्हणजे हवा गळू न देणारं रबरी कडं, बस. तिचा साइज ०१४, पाचसहा एक्स्ट्रा बॅगेत ठेवा. काढायला स्टीलची पिन घेऊ नका, खाचेत ओरखडा पडला की नवी रिंग पण गळते, प्लास्टिकची काडी नाहीतर पितळी पिक घ्या. घरातलं खोबरेल, ग्रीस, स्प्रे काहीही लावायचं नाही, हाय प्रेशर अन् ऑक्सिजनजवळ तेल म्हणजे आगीला आमंत्रण.

मानेची ओ-रिंग (पाऊण इंची थ्रेडला २१४ लागते) व्हॉल्व्ह उतरवल्याशिवाय बदलत नाही, ते काम दुकानात. तिथं थ्रेडचा पण घोळ असतो, पाऊण इंची अमेरिकन अन् एम २५ (२५ मिलिमीटरचा मेट्रिक थ्रेड) दिसायला सारखे, चुकीचा व्हॉल्व्ह दोनचार आटे बसल्यासारखा वाटतो अन् प्रेशर आलं की उडून जातो, असे अपघात झालेत.

डिस्क पण दुकानातच, पण शेजारी उभं राहून बघा. टँक आधी हळूहळू पूर्ण रिकामा, मग प्लग सोडायचा, खाली जुनं गॅस्केट (डिस्कखालचा वॉशर) चिकटून राहिलं नाही ना बघायचं, नवा सेट आख्खा टाकायचा (वापरलेली डिस्क किंवा गॅस्केट पुन्हा नाही), अन् कंपनीनं सांगितलेल्या टॉर्कवर (आवळायच्या जोरावर) टॉर्क रेंचनं आवळायचं, अंदाजे पाना ओढून नाही. भरल्यावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की समजून जा.

हे बघत उभं राहायचं कारण सांगतो. एका ठिकाणी मला डिस्क बदलल्याचं बिल दिलं, घरी येऊन पाहिलं तर प्लगवर तोच हिरवा डाग, तेच घासलेले कोपरे. तेव्हापासून मी टँक देतानाच सांगतो, 'भाऊ, जुना पार्ट पिशवीत घालून द्या.' चांगला दुकानवाला ह्याला कधी नाही म्हणत नाही. तोंड वाकडं केलं तर टँक उचलायचा अन् निघायचं.

दुकानवाल्यांचे काही नियम मात्र आपल्याला चिडवतात तरी बरोबर असतात. वर्षाच्या आतली तपासणी नसेल तर भरून देत नाहीत, तुम्ही स्वतः व्हॉल्व्ह उघडला असेल तर परत तपासणी मागतात, ६३५१ मिश्रधातूच्या जुन्या टँकना (अमेरिकेत लक्सफरनं १९८८ पर्यंत हाच वापरला) मानेला चीर जायची सवय म्हणून कितीतरी जण हातच लावत नाहीत. भांडू नका, टँक फुटला तर कंप्रेसरजवळ दुकानवालाच उभा असतो. पण हायड्रो टेस्ट (टँकमधे पाणी भरून दाब देऊन करतात ती तपासणी) आली की डिस्क, गॅस्केट, मानेची रिंग सगळं एकदमच बदलायला सांगा, व्हॉल्व्ह तसाही उतरतोच. अन् घरी ठेवताना टँक उभा, आत वीस-तीस बार हवा राहू द्या, म्हणजे पावसाळ्यातली ओल आत शिरत नाही.