चीन वाढला तेव्हा पृथ्वीचं काय झालं, हे आकड्यांतनं कसं शोधायचं

ग्रुपवर दोन प्रकारचे फॉरवर्ड फिरत असतात, एक म्हणतो चीनने जगाची वाट लावली आणि दुसरा म्हणतो सोलर आणि इलेक्ट्रिक गाड्या करून चीनच जगाला वाचवणार, आणि गंमत म्हणजे दोघांचे आकडे बऱ्याचदा खरे असतात. मग भांडायचं कशावर? तर असा मेसेज आला की काय काय तपासायचं ते सांगतो. प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांना पण उपयोग होईल.

पहिलं म्हणजे काळ धरा. सगळे 1978 पासून सुरू करतात, चीनचे तेव्हाचे नेते डेंग श्याओपिंग यांच्या आर्थिक सुधारणा वगैरे, ते बरोबरच आहे पण धुराचा खरा उसळी मारलेला काळ 2001 च्या शेवटी चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला त्यानंतरचा. 2000 ते 2013 मध्ये त्यांचं कार्बन उत्सर्जन जवळपास तिप्पट झालं, 2006 च्या सुमारास अमेरिकेला मागे टाकलं. सिमेंटचं बघा, 2011 ते 2013 या तीनच वर्षांत चीनने जेवढं सिमेंट वापरलं तेवढं अमेरिकेने अख्ख्या विसाव्या शतकात वापरलं नव्हतं. मेसेजमध्ये साल नसेल तर तिथेच थांबा, कारण 2005 चा चीन आणि आजचा चीन ही दोन वेगळी प्रकरणं आहेत.

मग आकडा कशाने भागलाय ते विचारा. आज जगातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी तिसऱ्या हिश्श्याच्या थोडा आत एकट्या चीनचा, हे खरं. पण डोक्यामागे काढलं तर चीन वर्षाला साधारण 8 टन, अमेरिका 14 च्या आसपास आणि आपण 2 टन. आणि औद्योगिक क्रांतीपासूनचा सगळा हिशोब मांडला तर अमेरिकेचा वाटा पाव, चीनचा साधारण सातवा हिस्सा. तिन्ही आकडे खरे, ज्याला जो सोयीचा तो तो उचलतो.

पुढची पायरी लोक विसरतात. धूर चीनमध्ये निघाला पण वस्तू कोणी वापरली? देशांचा अधिकृत हिशोब धूर जिथे निघाला तिथे लावतात, त्यामुळे युरोपातल्या माणसाचे बूट चीनच्या खात्यात जातात. 'अवर वर्ल्ड इन डेटा' या वेबसाइटवर उत्पादनाप्रमाणे आणि वापराप्रमाणे असे दोन्ही तक्ते फुकट मिळतात, शेजारी शेजारी उघडून बघा. 2005 च्या आसपास चीनच्या धुरातला साधारण पाचवा हिस्सा परदेशी गिऱ्हाइकांसाठी होता, आता तो बराच खाली आलाय. म्हणजे 'ते तर आपल्यासाठीच बनवतात' ही पळवाट पण अर्धीच चालते, बाकीचा धूर त्यांच्या स्वतःच्या इमारती, रस्ते, वीज यांचाच आहे, आणि जगातला निम्म्याहून जास्त कोळसा आजही तेच जाळतात.

आता खरी मजा, मालाचा माग काढायचा. फक्त कारखान्यांच्या धुराड्या मोजून चालत नाही. 1998 ला यांगत्से नदीला भयानक पूर आले, वरच्या भागातली जंगलं तोडल्याने पूर वाढला असं सरकारला पटलं आणि नैसर्गिक जंगलतोडीवर मोठी बंदी आली. चांगलंच झालं. पण फर्निचरचे कारखाने काय बंद झाले नाहीत, लाकूड रशियातनं, आग्नेय आशियातनं, आफ्रिकेतनं यायला लागलं, म्हणजे आपल्या दारातला कचरा झाडून शेजाऱ्याच्या अंगणात.

सोयाबीनचं तर याहून मोठं. पगार वाढले तसं लोक मांस जास्त खायला लागले, जगातली जवळपास निम्मी डुकरं चीनमध्ये, आणि त्यांच्या खाद्याला सोयापेंड लागते. आज चीन वर्षाला सुमारे 10 कोटी टन सोयाबीन बाहेरनं आणतो, त्यातलं सगळ्यात जास्त ब्राझीलचं. अॅमेझॉनमध्ये नवीन तोडलेल्या जमिनीवरचं सोयाबीन घ्यायचं नाही असा व्यापाऱ्यांचा करार 2006 ला झाला, पण शेजारचा सेराडो नावाचा गवताळ-झाडोऱ्याचा प्रदेश त्यात नव्हता, मग नांगर तिकडे वळला. आणि हे काय आपल्यापासून लांब नाही बरं का, लातूरच्या आडत्याला विचारा, ब्राझीलचं पीक किती आणि चीनची खरेदी किती यावर जगाचा भाव हलतो आणि तो झटका इथल्या सोयाबीनला पण बसतो.

लपवलेलं सापडतं का? सापडतं. ओझोन खाणारा सीएफसी-11 हा वायू 2010 पासून जगभर बनवायला बंदी आहे, तरी 2018 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की त्याचं उत्सर्जन परत वाढतंय, आणि 2019 ला कोरिया-जपानच्या बेटांवरच्या मोजणी केंद्रांवरनं माग पूर्व चीनमधल्या शांडोंग-हेबेई प्रांतांपर्यंत लागला. कारवाई झाली आणि उत्सर्जन परत उतरलं. त्यामुळे सरकारी आकडा आणि हवेत मोजलेला आकडा दोन्ही बघायची सवय ठेवा.

उलट्या बाजूचं पण लिहा, नाहीतर प्रोजेक्ट एकतर्फी होतो. सोलर पॅनल बनवण्याच्या साखळीच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा हिस्सा 80 टक्क्यांच्या वर आहे आणि पॅनल एवढे स्वस्त झाले त्याचं मोठं कारण तेच. फक्त 2023 या एका वर्षात त्यांनी 200 गिगावॅटच्या वर सोलर बसवलं, आपल्या सगळ्या देशाचं मिळून 100 गिगावॅट 2025 च्या जानेवारीत झालं. आणि 2018 पासून त्यांनी परदेशी प्लॅस्टिक कचरा घेणं बंद केलं तेव्हा श्रीमंत देशांचा कचरा मलेशिया, व्हिएतनामकडे वळला. त्याचं खापर कोणावर फोडायचं ते तुम्हीच ठरवा, माझ्या मते कचरा करणाऱ्यावर.

एवढं जमलं की हीच पद्धत भारताला लावून बघा. डोक्यामागे आपण कमी आहोत हे सांगायला सगळ्यांना आवडतं, पण मालाचा माग काढला की कळतं की जगात सगळ्यात जास्त पामतेल आयात करणारा देश आपणच, आणि ते येतं मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातनं, जिथे पामच्या मळ्यांसाठी वर्षावनं तोडली गेली. फरसाणाच्या पाकिटामागे पामोलिन (म्हणजे पामतेलच) लिहिलेलं असेल तर सुरुवात तिथनंच करा.