'फेकी' म्हणण्याआधी पोराचं कोपर असं तपासा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सोलापुरात होटगी रोडच्या बाजूला मुलींची एक मॅच होती. आमची ऑफस्पिनर तेरा वर्षांची. तिच्या दुसऱ्याच ओव्हरला बाउंड्रीवरून एका पालकाने ओरडायला सुरुवात केली, "फेकी आहे ओ अंपायर, फेकी!" म्हणजे कोपराचा झटका देऊन चेंडू नियमाबाहेर फेकतेय. मग आणखी दोघेतिघे ओरडू लागले. ओव्हर कशीबशी संपवून पोरगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, माझा हात वाकडाय का ओ?" तिची आई विड्या वळते. अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून ती मॅच बघायला आली होती आणि शेजारीच उभी होती.

मी म्हटलं, "हो, वाकडा आहे. वाकडा असायला काही हरकत नाही."

त्या माउलीला नंतर मैदानाच्या कट्ट्यावर बसून जे समजावलं, ते इथे सविस्तर लिहितो. पोरं क्रिकेट खेळतात अशा प्रत्येक घराला याची गरज पडते.

आधी नियम नीट समजून घ्या. क्रिकेटचे कायदे लिहिणारा लंडनचा क्लब म्हणजे एमसीसी. त्याच्या कायद्यात २१ वा नियम नो-बॉलचा आहे. तो सांगतो की गोलंदाजाचा हात खांद्याच्या पातळीला आला की तिथपासून चेंडू हातातून सुटेपर्यंत कोपर सरळ होता कामा नये, अर्धवटसुद्धा नाही. मनगट हवं तसं वळवा, त्याला बंदी नाही. म्हणजे गुन्हा आहे तो वाकलेलं कोपर सरळ करण्याचा. कोपर १५० अंशात वाकलेलं असेल आणि चेंडू सुटतानाही १५० अंशातच राहिलं, तर तो चेंडू शंभर टक्के कायदेशीर. आणि १४० अंशावरून १७५ वर गेलं, तर सुटतानाचा हात बाणासारखा सरळ दिसला तरी ती फेक. बाउंड्रीवरचे लोक नेमकं याच्या उलट बघतात.

कायद्यात अंशांचा आकडा नाही. कोपर जास्तीत जास्त १५ अंश सरळ होऊ द्यायची मर्यादा आयसीसीची, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेची. त्याआधी फिरकीला ५, मध्यमगतीला साडेसात आणि वेगवान गोलंदाजांना १० अंश अशी वेगवेगळी सूट होती. २००४ साली इंग्लंडमध्ये चॅम्पियन्स ट्रॉफी झाली, तेव्हा गोलंदाजांचं वेगवान कॅमेऱ्यांनी चित्रण केलं आणि कळलं की जवळपास सगळ्यांचंच कोपर थोडंफार सरळ होतं. ज्यांची ऍक्शन आपण पोरांना आदर्श म्हणून दाखवायचो, त्यांचंही. वेस्ट इंडिजचा जुना वेगवान गोलंदाज मायकेल होल्डिंग, कडक मताचा माणूस, आयसीसीच्या समितीत होता, त्यालाही हे मान्य करावं लागलं. १ मार्च २००५ पासून सगळ्यांना एकच १५ अंशांची मर्यादा लागू झाली. भारताचे थोर फिरकी गोलंदाज बिशनसिंग बेदींना हे कधीच पटलं नाही. बेदींबद्दल मला अपार आदर आहे, पण या बाबतीत मी त्यांच्या बाजूने नाही. साध्या डोळ्याला जे साधारण पकडताच येत नाही, त्यावरून पोराला चोर ठरवणं मला मान्य नाही.

यात माझं स्वतःचं दुखणं आहे. नऊ वर्षांचा असताना मी चिंचेच्या झाडावरून पडलो. उजवं कोपर मोडलं. गावातल्या हाडवैद्याने बसवलं, ते थोडं वाकडंच बसलं. आजही माझा हात पूर्ण सरळ होत नाही. सतरा वर्षांचा असताना एका स्पर्धेत पंचांनी मला एका ओव्हरमध्ये तीन वेळा नो-बॉल दिला आणि नंतर एका शब्दानेही का ते सांगितलं नाही. मी ऑफस्पिन सोडून दिली. पुढे कधीतरी भारताचे जुने ऑफस्पिनर जसू पटेलांबद्दल वाचलं. तेही लहानपणी झाडावरून पडले होते, त्यांचाही हात दुखावला होता आणि ऍक्शन झटक्याची होती. १९५९ च्या डिसेंबरात कानपूरला त्यांनी ऑस्ट्रेलियाचे ६९ धावांत ९ आणि मग ५५ धावांत ५ गडी बाद केले, आणि भारताने ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिल्यांदाच कसोटी जिंकली. दुसऱ्या डावात ४ बळी आपल्या सोलापुरात जन्मलेल्या पॉली उम्रीगरांचे. ते वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

पण पोरांना मी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. हात पूर्ण सरळ होत नाही म्हणजे फेक होऊच शकत नाही, असं नाही. कोपर खूप वाकवून, जितकं सरळ होतं तितकं केलं, तरी ती फेकच. माझं तेव्हाचं चित्रण कुठेच नाही. मी चुकीचा होतो की बरोबर, हे मला कधीच कळणार नाही. तुमच्या पोराच्या बाबतीत तसं होऊ देऊ नका. आज प्रत्येक घरात मोबाईल आहे.

मैदानावर जायच्या आधी घरी पाच मिनिटं काढा. पोराला आरशासमोर उभं करा, हात खाली सोडून तळवे पुढे. कोपरापासून खालचा हात अंगापासून थोडा बाहेर वळलेला दिसेल. हा कोन सगळ्यांनाच असतो, मुलींना साधारणपणे जरा जास्त. नुसत्या याच कोनामुळे गोलंदाजी करताना हात वाकडा दिसतो. मग हात टेबलावर तळवा वर करून ठेवायला सांगा आणि होईल तितका सरळ करायला लावा. कोपर उचललेलंच राहिलं तर ते पूर्ण सरळ होत नाही, हे वहीत लिहून ठेवा. काही पोरांचं कोपर उलट्या बाजूला जातं, शोएब अख्तरचं जायचं तसं. सरळ रेषेच्या पलीकडचं हे उलटं वळण आयसीसी मोजणीत धरत नाही.

आता चित्रण. सकाळी साडेसात ते नऊची वेळ चांगली, आपल्याकडे ऊन स्वच्छ असतं आणि हात धूसर येत नाही. उन्हासाठी पोरं पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, तो काढायला लावा, बनियन चालेल. दंडाच्या बाहेरच्या बाजूने खांद्यापासून कोपरापर्यंत आणि कोपरापासून मनगटापर्यंत केमिस्टकडची पांढरी चिकटपट्टी सरळ लावा. मोबाईल स्लो-मोशनवर ठेवा, सेकंदाला २४० चित्रांचा पर्याय असेल तर तोच निवडा. हात आडवा असतो तिथपासून चेंडू सुटेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग जेमतेम लागतो. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं, म्हणजे तेवढ्या वेळात तीनच हाताला लागतात. तीन चित्रांवर पोराचं भवितव्य ठरवायचं नाही.

मोबाईल तीन जागी लावा: गोलंदाजीच्या हाताच्या बाजूने क्रीजच्या सरळ रेषेत आठ-दहा पावलांवर, अंपायरच्या मागून, आणि समोरून नेटच्या जाळीआड. एकच मोबाईल असेल तर एकेका जागेवरून बारा-बारा चेंडू टाकून घ्या. त्यात यॉर्कर, बाउन्सर आणि 'दुसरा' (ऑफस्पिनरचा उलट वळणारा चेंडू) टाकत असेल तर तोही हवा. शेवटचे सहा चेंडू पोरगं दमल्यावरचे. कुठला चेंडू तपासताय हे त्याला सांगू नका, नाहीतर ते जपून टाकेल.

मग दोन चित्रांवर थांबवा. पहिलं, दंड जमिनीला समांतर आला तो क्षण. दुसरं, चेंडू बोटांना टेकलेला आहे असं शेवटचं चित्र. दोन्हींत कंपासपेटीतला कोनमापक स्क्रीनवर ठेवून कोपराचा कोन मोजा. दोन आकड्यांतला फरक हेच तुमचं उत्तर. उदाहरणार्थ १५८ आणि १६६, फरक ८.

इथेच सगळ्यात मोठी फसगत होते, म्हणून थोडा वेळ घेतो. हॅंगरची जाड तार घ्या आणि मधोमध साधारण १५० अंशात वाकवा. उन्हात भिंतीसमोर धरा आणि एक टोक धरून हळूहळू फिरवा. भिंतीवरची सावली बघा. तारेचा कोन बदललेला नाही, पण सावली कधी वाकडी, कधी जवळजवळ सरळ दिसते. चेंडू टाकताना दंड स्वतःभोवती आतल्या बाजूला फिरतो. त्यामुळे वाकलेलं पण अजिबात न हललेलं कोपरही एका बाजूच्या कॅमेऱ्याला झटक्याने सरळ झालेलं दिसतं. टीव्हीवर श्रीलंकेचा ऑफस्पिनर मुरलीधरन बघताना जगाचा असाच गोंधळ झाला. १९९५ च्या बॉक्सिंग डे कसोटीत मेलबर्नला पंच डॅरेल हेअर यांनी त्याला सात वेळा नो-बॉल दिला. त्याचं कोपर जन्मापासूनच पूर्ण सरळ होत नव्हतं. २००४ मध्ये त्याने कोपराला कडक ब्रेस बांधून कॅमेऱ्यासमोर गोलंदाजी केली, तरीही हात तसाच वाकवून फेकल्यासारखा दिसत होता. हा तारेचा प्रयोग मी प्रत्येक पालकाला स्वतःच्या हाताने करायला लावतो. करून झाला की आवाज आपोआप खाली येतो.

म्हणूनच खऱ्या तपासणीत अंगावर खुणा लावून चारी बाजूंनी कॅमेरे लावतात. आपल्याकडे आयसीसीची मान्यता मिळालेली अशी प्रयोगशाळा चेन्नईला श्री रामचंद्र संस्थेत आहे. तेरा वर्षांच्या पोरीला तिथे न्यायची गरज नाही, पण मोबाईलवरच्या आकड्याला प्रयोगशाळेचा मान देऊ नका. एकच चित्र मी, वडील आणि पोरगं असे तिघे वेगवेगळं मोजतो. तिघांच्या आकड्यांत पाच-सात अंशांचा फरक हमखास येतो. माझा स्वतःचा हिशेब असा: तिन्ही बाजूंनी फरक दहाच्या आत दिसला तर विषय सोडून द्यायचा. पंचविसाच्या वर दिसला तर त्याच आठवड्यात काम सुरू. मधला असेल तर पुढच्या रविवारी पुन्हा शूटिंग.

पोरीचा फरक कुठूनही दहाच्या वर गेला नाही. तिचं कोपर बाहेर वळलेलं आहे, बस्स.

शहराच्या पूर्व भागातल्या एका पोराचं मात्र वेगळं निघालं. घरी यंत्रमाग, पोरगा उंच, वेगवान. बारातले दहा चेंडू स्वच्छ. बाउन्सर आणि सगळ्यात जोरात टाकलेला यॉर्कर, या दोन्हींत फरक तिशीच्या आसपास. कारणही सापडलं. रात्रीच्या टेनिस बॉलच्या मॅचमध्ये हलका बॉल जोरात जावा म्हणून तो कोपराचा झटका देतो, आणि तोच हात सकाळी सीझन बॉलला येतो. टेनिस बॉलवर वाढलेल्या पोरांत हे मला सारखं दिसतं.

त्याच्याकडून काय करून घेतलं ते सांगतो. दोन आठवडे रनअप बंद. एका जागी उभा राहून, हात मागे सरळ धरून, तिथूनच फिरवून भिंतीवर बॉल टाकायचा, रोज पन्नास. कोपराभोवती वर्तमानपत्राची जाड सुरळी करून वरून क्रेप बँडेज हलकं बांधायचं. सुरळी चुरगळली की कोपर वाकल्याचं त्याला स्वतःलाच कळतं. हे फक्त उभ्या-उभ्या आणि सावकाश, पळत जोरात टाकताना कधीच नाही. बरोबरीने खांद्याला बळ. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधून हात आत-बाहेर ओढायचा, दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा. खांदा आणि पाठ कमी पडतात तेव्हा शरीर कोपराकडून वेग उसना घेतं. मग तीन पावलांचा रनअप, मग सहा, निम्म्या जोराने. टेनिस बॉलच्या मॅच तेवढ्या काळापुरत्या बंद. यावरून त्याच्या वडिलांशी माझे खटके उडाले, कारण तिथे बक्षिसाचे पैसे मिळतात. दिवाळीनंतर सुरू केलं आणि जानेवारीत सोलापूरची गड्ड्याची जत्रा भरली तेव्हा बाउन्सरचा फरक बाराच्या आसपास आला होता. कोपर दुखत असेल, हातात मुंग्या येत असतील, तर यातलं काहीही न करता आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

हे सगळं लहान वयातच करून घ्या. पाकिस्तानचा ऑफस्पिनर सईद अजमल २०१४ मध्ये वनडेतला अव्वल गोलंदाज असताना त्याच्यावर बंदी आली. तो ऍक्शन बदलून परतला, पण पहिला अजमल पुन्हा दिसला नाही. छत्तिसाव्या वर्षी हात बदलणं फार अवघड असतं. तेराव्या वर्षी दहा आठवडे पुरतात.

मॅचच्या दिवशी अंपायरांशी वाद घालू नका. कायद्याने दोघांपैकी कुठलाही पंच फेकीचा नो-बॉल देऊ शकतो. पहिल्या वेळी शेवटची ताकीद, त्याच डावात दुसऱ्यांदा दिला की गोलंदाजाला त्या डावात पुन्हा चेंडू मिळत नाही. आपल्या मैदानांवर पंचांकडे फक्त डोळे असतात, आणि ते त्यांचं काम करतात. मॅचआधी जाऊन नम्रपणे सांगा की साहेब, या मुलीचं कोपर बाहेर वळलेलं आहे, व्हिडिओ माझ्याकडे आहे, हवा तर बघा. आणि पंचांना माझी हात जोडून विनंती आहे. शंका आली तर नो-बॉल द्या, पण ओव्हर संपल्यावर पोराला जवळ बोलावून काय दिसलं ते दोन वाक्यांत सांगा. सतराव्या वर्षी मला कुणी ती दोन वाक्यं सांगितली असती, तर मी आजही ऑफस्पिन टाकत असतो.

पोरीचं रविवारचं शूटिंग आता तिची आई करते. मोबाईल उभा धरू नका ताई, आडवा धरा, एवढंच मला एकदा सांगावं लागलं.